लग्नाचं ताट

तुरिआल्बाच्या बस स्टँडमागे,
चपला शिवणाऱ्याच्या टपरीला लागून,
माझा सोडा.
आमच्याकडे छोट्या खाणावळीला सोडाच म्हणतात.
का, ते मला विचारू नका, मी फक्त चालवते.
सहा स्टुलं. एकाचा पाय आखूड,
त्याखाली घडी घातलेलं लॉटरीचं तिकीट,
एवढ्याच कामी आलेलं.

भात, काळ्या घेवड्याची उसळ, चिरलेला कोबी,
मांसाचा तुकडा नाहीतर अंडं,
आणि कडेला तळलेलं पिकलं केळं.
या ताटाचं नाव कसादो,
म्हणजे लग्न झालेला.
घरी बायको वाढते तसं सगळं एकाच ताटात, म्हणून,
असं पुरुष सांगतात.
बायका काही सांगत नाहीत, त्यांना भांडी असतात.

ओदिलियो बार्केरो बाराला वीस कमी असताना यायचा.
एकेकाळी साखर कारखान्यात उसाच्या गाड्यांचं वजन करायचा,
अजूनही ताट हातात आलं
की किंचित तोलून बघायचा.
"एक लग्न दे, निदिया," म्हणायचा,
"माझ्या नशिबी एवढंच."
आणि अख्खं काउंटर हसायचं, रोज, त्याच जागी.
विल्बेर्थ ड्रायव्हर तर तोंडात घास असताना.

केळं तो खायचा नाही.
कागदी रुमालात गुंडाळायचा,
एक घडी, मग दुसरी,
मग शर्टाच्या खिशात.
आम्ही म्हणायचो, कुत्रं असेल घरी.
विल्बेर्थनं त्या कुत्र्याचं नावही ठेवलं, बिशप.
"बिशप बरा आहे ना?"
"खातो आवडीनं," ओदिलियो म्हणायचा.

ज्या आठवड्यात ज्वालामुखीची राख पडत होती,
मी तासातासाला काउंटर पुसत होते,
मिठाच्या बरणीलाही प्लास्टिक बांधलेलं,
तेव्हा तो आला नाही.
गुरुवारी नाही, शुक्रवारी नाही.
वहीत त्याच्या नावापुढे
तीन ताटं, एक चिंचेचं सरबत.
मी खोडलं नाही. बेरीजही केली नाही.
"बिशपला आता कोण घालत असेल?" विल्बेर्थ म्हणाला,
आणि त्याचं त्यालाच हसू आलं नाही.

महिन्यानं एक बाई आली.
हातात काठी, पर्स छातीशी.
एक पायरी चढायला तिला इतका वेळ लागला
की विल्बेर्थ उठला. तिनं त्याला नजरेनंच खाली बसवलं.
"ओदिलियो बार्केरोचे किती झाले?"
मी मूर्ख. म्हटलं, "त्यांना तर कोणी नव्हतं ना?"
"बेचाळीस वर्षं मी होते," ती म्हणाली,
आणि पैसे मोजले,
नोटा वेगळ्या, नाणी वेगळी.

मग बसली, नेमकी आखूड पायाच्या स्टुलावर.
मी न विचारता ताट ठेवलं.
भाताला तिनं हात लावला नाही, उसळीला नाही.
आधी केळं उचललं, फुंकर न मारता,
आणि जीभ भाजून घेतली.
"हे गरम असतं?"

माझ्या हातात डाव तसाच.
विल्बेर्थ बाहेर आपल्या बसकडे बघत बसला,
ती सुटायला अजून पंचवीस मिनिटं होती.

नंतर तिनं उसळ चाखली. पुन्हा चाखली.
"सांगायचा, तुझ्या हाताला चव नाही.
खोटं बोलायचा, मेला."
शिवीसारखा निघालेला तो शब्द
काउंटरवर पडून राहिला, कोणी उचलेना.

मी कढईत अजून एक केळं सोडलं.