तेरावा महिना

आलेखात दर सप्टेंबरला एक खड्डा पडायचा.
पाच दिवस सपाट. शून्य.
सहाव्या दिवशी एकदम सुळका,
जणू देब्रे ताबोरच्या साऱ्या बायका
कळा दाबून धरत होत्या नव्या वर्षासाठी.

हिरुत अदिस अबाबात, चौथ्या मजल्यावर,
कॉफी निवत ठेवून म्हणाली,
दुबार नोंदी असणार.
एका दवाखान्यात एका तारखेला एकोणीस बाळं?
आणि नावाच्या रकान्यात सगळीकडे एकच शब्द : बाळ.
तिनं क्वेरी लिहिली, नेटकी, तीन ओळींची.
एकोणीसमधले दोन उरले,
एक मुलगा, एक मुलगी.
आलेख शहाण्यासारखा वागू लागला.
लसींचा डबा त्याबरहुकूम निघाला
आणि सतरा आया रांगेतून परत गेल्या.

मग सुरू झालं
जे या धंद्यात नेहमी उशिरा सुरू होतं :
चूक कुठे नाही ते बघणं.
सर्व्हर जागा होता.
नेटवर्क नेहमीइतकंच लंगडं.
स्वल्पविराम जागच्या जागी.
रिकाम्या घराला कुणी शून्य तर म्हटलं नाही?
(‘माहीत नाही’ आणि ‘नाही’ यांतला फरक
यंत्राला कळतो, घाईतल्या माणसाला नाही.)
झेरिहुन म्हणाला, ॲप काढून पुन्हा टाकायला सांग.
हे तो सगळ्यालाच सांगतो,
स्वतःच्या लग्नाबद्दलही एकदा म्हणाला होता.

शेवटी तिनं फोन लावला.
वर्कनेश, सुईण. मागे पत्र्यावर इतका पाऊस
की निम्मे शब्द वाहून गेले.
‘पागुमेतलं मूल घेत नाही तुमचा फोन.
महिना तेरा लिहिला की मिटतो.
मग मी थांबते,
आणि नव्या वर्षाच्या सकाळी
सगळ्यांना एकदमच जन्माला घालते.’
‘आधी का नाही सांगितलंत?’
‘सांगितलं की. फोनलाच.
तो विचारतो, अहवाल पाठवू?
मी दर वेळी हो म्हणते.’

दोनशे चौदा अहवाल.
एका फोल्डरात, न उघडलेले,
प्रत्येकात तीच ओळ :
अवैध महिना, १३.

माझ्या भाषेत तेरावा महिना
दुष्काळातच येतो.
एरवी आला तर जावयाला तेहतीस अनारसे देऊन
आम्ही त्याची बोळवण करतो.
पण हिरुतच्या घरी तो दर वर्षीचा,
पाच दिवसांचा, बुटका, सगळ्यांचा लाडका.
लहानपणी आईनं तिला त्याच पावसात
उघडी उभी केली होती,
अंगातलं दुखणं धुऊन जावं म्हणून.
आणि ‘एक ते बारा’ ही अट
कुठल्या तरी परक्या कोडातून उचलून
तिनंच चिकटवली होती, तीन वर्षांपूर्वी,
एका शुक्रवारी, घरी जायच्या घाईत.

बाराचे तेरा केले.
एक आकडा. तेवढ्यानं भागलं नाही :
चौथ्या वर्षी पागुमेला सहावा दिवस फुटतो,
त्याचीही सोय केली.
पुसलेल्या ओळी बॅकअपमधून परत आल्या,
पण खोट्या वाढदिवसांसकट.
खऱ्या तारखा वर्कनेशच्या चौकटीच्या वहीत.
तिनं पानांचे फोटो पाठवले,
एका फोटोत अंगठा, एकात इंजेराचा तुकडा.
हिरुत एकेक तारीख हातानं बदलत गेली.
पागुमे दोन. पागुमे चार. पागुमे चार, जुळी.

एक आई तेवढी अडून बसली.
कार्डावर नव्या वर्षाचा दिवस होता,
म्हणून तिनं लेकीचं नाव ठेवलं अदेय,
त्या दिवसांत माळभर फुलणाऱ्या पिवळ्या फुलाचं.
आता तारीख बदलायची तर नावाचं काय करू, म्हणाली.

ती ओळ तशीच आहे.
तपासणीचा प्रोग्राम दर रात्री तिच्यापाशी अडतो,
पिवळा इशारा देतो, पुढे जातो.
शेवटच्या रकान्यात हिरुतनं लिहून ठेवलंय :
तारीख चूक आहे. आईला विचारलंय.