कुठं जेवता तुम्ही?

नव्या गावात उतरले की मी आधी न्हाव्याकडे जाते.
"टोकं तेवढी," म्हणते,
आणि आरशातल्या त्याला विचारते –
चांगलं कुठं मिळतं, असं नाही;
तसं विचारलं की लोक पाहुण्यांची जागा दाखवतात,
नदीकाठची, पांढऱ्या टेबलक्लॉथची.
मी विचारते,
बायकोशी भांडण झालं की तुम्ही कुठं जेवता?

कुतायसीचा झौर हसला. कात्री थांबली.
"बाजाराच्या मागं, चाव्या करणाऱ्याला लागून
सात पायऱ्या खाली. पाटी नाही.
आणि ननुलीला सांगू नका, मी भांडतो म्हणून."

वर्षाला चार गावं, कंपनी पाठवेल तिथं,
दुसऱ्यांच्या गोदामांतली पोती मोजत.
खोलीत एक किटली असते, एक खिडकी.
पोटाचं बाहेरच बघावं लागतं.

त्रिएस्तच्या एका बारमध्ये महिनाभर
एकाच स्टुलावर बसले;
निघाले त्या रात्री कळलं,
बारमनला वाटत होतं, ही बाई मुकी आहे.
दारात उभं राहून हाका मारणाऱ्याकडे जाऊ नये,
हे मी शिकले,
आणि इझ्मिरला तशाच एका हाकेमागं गेले.
त्या वांग्याची चव अजून टाळूला आहे.
म्हणजे शिकले काय, देव जाणे.

सात पायऱ्या खाली पाच टेबलं होती.
माझ्या टेबलाचा उजवा पाय आखूड,
त्याखाली घडी घातलेला पेपर.
मातीच्या मडक्यात राजमा, वर झाकण म्हणून
मक्याची भाकर,
आणि अंगठ्याएवढ्या पेल्यात द्राक्षाची दारू,
घशातून उतरताना नाव विचारत जाणारी.

पहिला आठवडा ननुलीनं माझ्याकडे बघितलंही नाही.
दुसऱ्यात न मागता लोणचं आलं.
चौथ्यात एका मंगळवारी
कमरेवर हात ठेवून ती ओरडली,
"उशीर!"
एवढा एकच शब्द मला कळला.
किटलीच्या खोलीत परतताना
मी तो सगळ्या रस्ताभर जिभेवर घोळवला.
कुणीतरी माझी वेळ लक्षात ठेवली होती.

मग गुरुवारी, चाव्यांच्या दुकानासमोर,
पाठीवर घराएवढी पिशवी घेतलेली एक मुलगी.
लीस, एस्टोनियाची.
नाव आधी सांगितलं, मग विचारलं,
इथं जवळपास काही चांगलं खायला?

आयुष्यभर मी हाच प्रश्न विचारत पोट भरलं.
आणि माझा हात आपोआप उठला,
पुलाकडे बोट दाखवून मी म्हणाले,
"तिकडं. नदीकाठी.
पांढरे टेबलक्लॉथ दिसतील."

ती आभार मानून गेली.
मी सात पायऱ्या उतरले.
राजमा रोजचाच होता,
ननुलीचा हातही रोजचाच,
पण घास फिरत राहिला तोंडात.
पाच टेबलं. किती खाल्लं असतं तिनं?
आणि मी कोण, दीड महिन्याची मालकीण?

तासाभरानं पायऱ्यांवर बूट वाजले.
लीसच. पिशवी दारात अडकलेली,
मानेवर बारीक केस चिकटलेले,
कपाळावरची झुलपं
झौरच्या हातची, जराशी तिरकी.
माझ्याकडे बघून ती ओळखीचं हसली,
बाकी काही बोलली नाही.
ते जास्त लागलं.

जागा एकच होती, माझ्यासमोर.
ननुलीनं खुर्ची फडक्यानं झटकली,
मला न विचारता.
मी मडकं तिच्याकडे सरकवलं, भाकर मोडून दिली.
"उजवीकडं कोपर टेकू नकोस," म्हणाले,
"पाय आखूड आहे.
पेपर सरकला की सगळं सांडतं."

तिनं कोपर उचललं.
शनिवारी माझी बस होती.
तिला नाही, ननुलीलाही नाही,
ते अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.