तीसवर

नारिनच्या बसस्टँडसमोर, टायरवाल्याला लागून
सागिनबेकचा स्टुडिओ.
पासपोर्ट फोटो, लग्नं,
मेलेल्या माणसांचे मोठे करून दिलेले चेहरे.
सतराव्या वर्षी मी तिथे झाडू मारायला लागले,
तिसऱ्या दिवशी त्याने हातात झेनिट ठेवला,
विटेएवढा जड, विटेएवढाच देखणा.

"वरची चकती वाच."
तीस, साठ, सव्वाशे, अडीचशे, पाचशे.
"पाचशे सगळ्यात जास्त," मी म्हटलं.
"सगळ्यात कमी. हे वाटेकरी आहेत, पोरी.
एका सेकंदाचा नान पाचशे जणांत तोडला,
तुझ्या हातावर पडला तो चुरा."

छिद्राचं त्याने समोवारवर शिकवलं.
तोटी पूर्ण सोडली, पेला झटकन भरला.
जरा किलकिली ठेवली,
तोच पेला, पण बाहेर एक बस येऊन गेली.
"चहा तेवढाच," तो म्हणाला.
"ती बस मात्र चहात उतरत नाही.
फिल्मवर उतरते."

जानेवारीत मीटरची सुई बर्फाकडे बघून घाबरायची.
इतका उजेड असूच शकत नाही, असं तिचं म्हणणं,
आणि तिचं ऐकलं की अख्खा डोंगर राखेचा निघायचा.
"तिने हिवाळा पाहिलाच नाहीये,
तू पाहिलायस.
दीड स्टॉप जास्त दे,
आणि तिच्याशी वाद घालू नकोस."

कोक-बोरूच्या मैदानात मी पाचशेवर
एक घोडा धरला.
चारही खूर हवेत, आयाळीचा केस न् केस,
मातीचे कण मोजून घ्यावेत असे.
मी नाचतच प्रिंट नेली.
त्याने चष्मा वर केला. "भुसा भरलाय का ह्यात?"

मग स्वतः आला. तीसवर ठेवला,
घोड्याच्या डोळ्यामागे कमरेतून वळत राहिला,
वळता वळताच बटण दाबलं.
घोडा जागच्या जागी उभा,
आणि मागचं गाव, कुंपण, पोलीस, माझा काका,
सगळे पळत सुटलेले.

तीसच्याही पलीकडे बी होतं.
बोट दाबून धराल तोवर उघडं.
बुरुलकानच्या युर्तमध्ये, छताच्या चक्रातून येईल तेवढ्याच उजेडात
तो मनात मोजत होता.
ती म्हणाली, "श्वास घेऊ का?"
"घे. तो मी जमेला धरलाय."
फोटोत तिचा चेहरा खडकासारखा,
मांडीवरच्या लोकरीत हात विरघळलेले.
सवयीने पिंजत होती, तिला कळलंसुद्धा नाही.

नंतर त्याचा उजवा हात थरथरू लागला.
आधी पेला वाजायचा बशीवर, मग किल्ली कुलपावर.
तीस सुटलं. साठ सुटलं.
भर दुपारी, बाहेर, पाचशेवर तेवढं जमायचं.
भुसा भरलेले घोडे काढू लागला तो,
आणि कुणी वाखाणले की
रस्त्यापलीकडे बघत बसायचा.

मागच्या हिवाळ्यात म्हणाला,
"माझा एक काढून ठेव. मोठा करायला लागेल."
मी दिवे लावायला निघाले.
पाचशेवर तो हात शांत दिसला असता,
घरच्यांनी भिंतीवर लावावा इतका शांत.
"दिवे कशाला?" त्याने डाव्या हाताने चकती फिरवली,
उलटी, खटखट मोजत,
तीसवर.

काउंटरवर कोपर टेकून मी थांबले.
तो खिडकीकडे बघत होता, कुठलीशी बस सुटत होती.

प्रिंट रसायनातून वर आली.
डोळे, मिशी, कॉलरचा उसवलेला टाका, सगळं जागेवर.
गुडघ्यावर, हाताच्या ठिकाणी, थोडा धूर.

मी ती धरून उभी. काय म्हणेल, कळेना.
तो बराच वेळ बघत राहिला.
मग दिव्याजवळ नेली, तिरकी केली.

"अर्धा स्टॉप अंडर आहे," म्हणाला,
"पुन्हा कर."