चिकटपट्टी

कुह्मोत डिसेंबरात दुपारी तीनलाच अंधार.
डोक्यावरच्या दिव्यांचे सेल थंडीनं माना टाकतात,
लोक बूट आपटत आत येतात
आणि काउंटरशेजारच्या खोक्यात ते सोडून जातात.

पहिल्याच दिवशी आइली म्हणाली,
नुसते ओतू नकोस.
चौकोनी नऊ व्होल्टचे, बटणाएवढे चपटे,
एकेकाच्या टोकांना पट्टी लाव.
संपले म्हणतात सगळे,
पण थोडं उरलेलंच असतं त्यांच्यात.
दोघे भिडले की बोलायला लागतात,
आणि त्यांचं बोलणं म्हणजे जाळ.

परवा कुणाच्या तरी मोबाइलची बॅटरी आली,
पोळीसारखी फुगलेली.
तिनं हातमोजे चढवले, मला मागं सारलं,
वाळूच्या बादलीत ती अलगद ठेवली,
बादली थेट बाहेर, बर्फात.
मग गिऱ्हाइकाला फिश हुक मोजून दिले.

काल वेइक्को आला.
डबीत चार चपटे सेल, भावाच्या कानातल्या यंत्राचे.
भाऊ ऑक्टोबरात गेला.
एकावरचा नारिंगी कागद अजून निघालेला नव्हता.
मी म्हणालो, हा नवाच आहे, ठेवा की घरी.

"ऐकणार कोण?" तो म्हणाला.

आइलीनं माझ्याकडं पाहिलं, काहीच बोलली नाही.
मी पट्टीचे चार तुकडे कापले.
नव्याचा जरा लांब झाला.

गुरुवारी गाडी आली.
ड्रायव्हरनं पिंप काट्यावर चढवलं,
कानटोपीतून पेन काढलं:
एकतीस किलो. इथं सही करा.