नळीतली तार

हिनरिखच्या टेबलावर जहाज आहे,
दीड वितीचं, मासेमारीचं,
नाव अजून रंगवायचं आहे.
डोलकाठी आहे, धुराडं आहे,
उजवीकडचा कठडा आहे. डावा नाही,
कारण डाव्याच्या आधी हिनरिखचं हृदय अडलं
आणि त्याला घेऊन गेले
पुलापलीकडच्या इस्पितळात.

सहा आठवडे.

सहा आठवडे गोंदाची बाटली तशीच,
तोंडाला पोलादी सुई, केसाएवढ्या भोकाची,
तिचं टोपण लावायचं राहून गेलेलं.
राहिलं बरंच काही त्या दिवशी.
मी रुग्णवाहिकेत बसले ती
एका पायात माझी चप्पल, एका पायात त्याची.

काल फोनवर म्हणाला, "विब्के, गोंद बघ."
बरं वाटतंय, असं नाही.
जेवण मिळमिळीत आहे, असंही नाही.
गोंद बघ.

बघितला. बाटली दाबली,
तिचं पोट आत गेलं, थेंब काही येईना.

मी सदतीस वर्षं ब्रेमरहाफेनच्या धक्क्यावर
हेरिंगचे काटे काढले आहेत,
डोळ्याला न दिसणारे, बोटाला कळणारे.
मला कुणी सुई शिकवायची?

तरी आधी टाचणी घातली. जाडी निघाली.
मग शिवणाची सुई, तिचं टोक आत मोडता मोडता राहिलं.
मग, अक्कल गहाण ठेवून, फुंकर मारली:
दिवसभर कॉफीला प्लास्टिकची चव.

रात्री लेकीला फोन. गेशे म्हणाली,
"बाबा ती जाळतात."
काय जाळतात?
"सुई, आई. टोपीतून उपसून. बाटली दुसऱ्या खोलीत ठेव आधी.
पकडीत धर, ज्योतीवर क्षणभर, लाल होऊ देऊ नकोस.
मग तार घाल. माझ्या गिटारची पहिली तार
त्यांच्या डाव्या खणात आहे. तुकडे करून."

अच्छा.
बारा वर्षांपूर्वी त्याच तारेसाठी
या पोरीनं घर डोक्यावर घेतलं होतं,
आणि हा बापडा वर्तमानपत्राआड
माशांचे भाव वाचत होता.

खिडकी उघडली तर वेझरवरचा वारा ज्योत विझवतो,
बंद केली तर वासानं डोकं धरतं.
बोटभर फट ठेवली.
सुईच्या टोकावर इवलं निळं काही पेटलं,
फुस् म्हणालं, गेलं.
सुई निवली. तार घातली.
अडली. फिरवली. अडली.
आयुष्यभर काटे बाहेर ओढले मी,
आत घालायची ही पहिलीच वेळ.
मग एकदम पलीकडून निघाली,
काळं टोक, आणि तिच्या मागे
सुईतून खिडकीचा उजेड, मोहरीएवढाही नाही.

इथं थांबायला हवं होतं.

पण पहिला थेंब कागदावर इतका नेमका पडला,
की हात चळला. डावा कठडा समोरच होता.
अकरा खांब. सात सरळ लागले, तीन बरे,
एक तिरका.
ओढून काढू गेले तर निघेना.
हा गोंद चिकटवत नाही, वितळवतो,
दोन्हीकडचं थोडं थोडं,
म्हणून पुन्हा वेगळं करता येत नाही.

मंगळवारी हिनरिख आला. कोट न काढता
टेबलाशी बसला, भिंग लावलं.
बराच वेळ.
"सुई कोणी साफ केली?"
मी.
"तार आत ठेवलीस?"
ठेवली.
"बाटली उभी धरून, दाबून, सोडलीस?
सुईतला गोंद खाली उतरायला हवा."
सोडली.
"हं."

मग त्या तिरक्या खांबावरून बोट फिरवलं,
मी काटा शोधायची तसं,
आणि म्हणाला,
"धक्क्याला लागलं असणार. डावीकडून आत येताना
नेहमी लागतं."
आणि करड्या रंगाची डबी उघडली.