माध्यम

जिल्हा कलाप्रदर्शनाच्या यादीत
एकोणचाळीस नंबरला मी लिहिलं : टिटवी. माध्यम :
आणि पेन थांबलं.
जलरंग, तैलरंग, शाडू, लाकूड, धागा,
एवढेच पर्याय छापून आले होते.

समोर मलय्या चिप्पा, बगलेत बुटाचा खोका.
कॉलेजच्या प्राणिशास्त्रात एकतीस वर्षं हमाल,
त्याआधी जॅकार्ड मागावर.
टिटवी होटगी रोडला तारेवर आपटून पडलेली.
कॉलेजनं दिलेला परवानगीचा कागद
त्यांनी लॅमिनेट करून आणला होता.

परीक्षक दोन, तिसरा मी, ड्रॉइंगचा मास्तर.
एक म्हणाले, यात यांचं काय? पिसं देवाची.
दुसरे म्हणाले, कसब आहे, कला नव्हे.
मी काही बोललो नाही. चहा आला होता.

मी मान बघत होतो.
ओरडायच्या आधी टिटवी मान आखडते ना,
तेवढंच. पुढचं नाही, मागचं नाही.
आत गिरणीचा कापूस, काथ्या, सायकलची तार.
चादर विकत घेताना उलटी करून बघतात
तशी उलटी केली मी ती,
शिवण सापडली नाही.

वीस वर्षं पोरांना सांगतोय : आधी बघा, मग काढा.
एवढं कुणी बघितलं नाही.
मीसुद्धा.

निकालानंतर खोका बांधता बांधता मलय्या म्हणाले,
"सासऱ्याची म्हैस होती सर, विडी घरकुलाच्या मागं.
रेडकू मेलं. म्हैस दूध चोरायला लागली.
तवा पहिल्यांदा कातडं भरलो. कडबा घालून.
चार पाय चार मापाचे. डोळेच नव्हते.
तिनं वास घेतला, चाटलं,
पान्हा सोडला."

सुतळीला एक गाठ पुरली असती, त्यांनी तीन मारल्या.
"पण तिसऱ्या दिवसापास्नं
चाटताना दुसरीकडं बघायची."

"दूध?"

"द्यायची की ओ."

खोका त्यांनी टेबलावरच ठेवला.

आता टिटवी माझ्या कपाटात,
पोस्टर कलरच्या बाटल्यांमागे, डांबरगोळ्यांच्या वासात.
एक डोळा काचेचा, दुसरा शर्टाचं बटण,
कुठला कोणता ते अजून ओळखता येत नाही.
महिन्यातून एकदा मऊ ब्रशनं धूळ काढतो,
पिसांच्या कलानं, त्यांनी सांगितलं तसं.
काढताना खिडकीबाहेर बघतो,
सात रस्त्याकडे.