दहापैकी

दर गुरुवारी दुपारी साडेतीनला
सुनेत्रा मगदूमची स्कूटी माझ्या क्लासच्या फाटकाशी.
हॉर्न दोनदा.
पाचला दहावीची बॅच.
मधल्या दीड तासात
कोल्हापुरातला सगळ्यात चांगला माचा लाटे शोधायचा.

सुरुवात तिच्या ॲसिडिटीनं झाली.
डॉक्टर म्हणाले, चहा बंद.
भाची म्हणाली, माचा घे, मावशी.
हिनं ऐकलं मासा.

मी गणिताची बाई, चौकटीची वही माझीच.
तारीख, ठिकाण, रंग, फेस, किंमत,
आणि शेवटी गुण, दहापैकी.

ताराबाई पार्क: रंग शेवाळाचा,
उन्हाळ्यात रंकाळ्याच्या काठाला धरतो तसा. अडीच.
नागाळा पार्कात साखर एवढी
की सुनेत्रा म्हणाली, मालकाचा कारखाना असणार.
चार. त्यातले दोन खुर्च्यांना.
शाहूपुरीत पोरानं विचारलं, ओट मिल्क चालेल?
ती त्याच्याकडं बघतच राहिली.
म्हशींच्या गावात हे विचारतोस, म्हणाली,
आणि धाडसाचा एक गुण द्यायला लावला.

एकदा पुडीच विकत घेतली
आणि रात्री गेलो गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर.
म्हैस समोर, धार नुकती काढलेली,
ग्लासाच्या वर बोटभर फेस.
पूड टाकली. चमच्यानं ढवळली.
गुठळ्या झाल्या, हिरव्या, पोहणाऱ्या.
गवळी वाकून बघत म्हणाला,
"ताई, हिनं खाल्लेली वैरण
परत दुधात घातलासा की."
म्हशीनंही मान वळवली.
सुनेत्राच्या नाकातून दूध आलं हसून.
वहीत त्या दिवशी गुण नाहीत,
एक डाग आहे.

मे महिन्यात तिची बदलीची ऑर्डर आली. परभणी.
स्कूटी तिनं भावाला दिली.
गुरुवारचा दीड तास माझ्याकडं तसाच पडून राहिला.
मी पेपर तपासले. पडदे धुतले.
धुतलेले पडदे परत धुतले.

ऑगस्टात राजारामपुरी, नववी गल्ली.
झेरॉक्स काढायला गेले आणि लाईट गेली,
म्हणून शेजारच्या दारात शिरले.
टेबलं चारच. काउंटरमागं इर्शाद,
कान मोडलेला, मान खांद्यांत रुतलेली.
गुडघा गेला म्हणून तालीम सुटली,
हे त्यानंच सांगितलं, मी न विचारता.
"थंडाईचे बदाम घोटायचं काम माझ्याकडं असायचं, बाई.
वस्ताद म्हणायचे, मनगट सैल सोड."

बांबूचा कुंचला त्याच्या पंजात
दाढीच्या ब्रशाएवढा.
पूड चाळून घेतली.
पाणी उकळतं नव्हे, त्याच्या जरा अलीकडचं.
मनगट तेवढं हललं,
बाकी सगळा डोंगर जागच्या जागी.
मग दूध, वरून, थांबत थांबत.

आधी कडू.
मग फडात उसाचं वाडं तुटतं
तेव्हाचा वास.
आणि घोट उतरून गेल्यावर, उशिरा,
साखर नसताना कुठून तरी गोडी.

दुसऱ्या घोटाआधी
ग्लास मी समोरच्या खुर्चीकडं सरकवला.
सवय.

वही पर्समध्येच होती.
रंग: पोपटी. फेस: बारीक. रुपये एकशे चाळीस.
शेवटची चौकट
पेन टेकवून तशीच ठेवली.

रात्री तिचा फोन.
इकडं उकडतंय, म्हणाली, माचाचं सोड,
धड मिसळ मिळेना.
"तुला सापडला का गं?"

पंचवीस वर्षं पोरांना सांगत आले,
उत्तर झाकू नका, पायऱ्या दाखवा.

"नाही अजून," म्हटलं.
"राजारामपुरी अख्खी राहिलीय. दिवाळीत ये.
पहिल्या गल्लीपासून सुरू करू,
दिवसाला एकच."

ती चार दिवसांसाठी येणार आहे.
हिशेब मी केलाय.